दोषांतून उमटणारा प्रकाश : स्फटिक, प्रतिबल आणि दीप्ती

काही घन पदार्थ दाबले, वाकवले, घासले किंवा फोडले असता त्यांतून प्रकाश बाहेर पडतो. या घटनेस यांत्रिक दीप्ती म्हणतात, आणि तिची ओळख माणसाला फार जुनी आहे. अंधाऱ्या खोलीत खडीसाखरेचा खडा फोडला, तर फुटीच्या ठिकाणी निळसर चमक क्षणभर दिसते, आणि दख्खनच्या पठारावर ओढ्याकाठी सापडणाऱ्या दोन गारगोट्या रात्री एकमेकींवर जोराने घासल्या, तर त्यांच्या आतून पिवळसर उजेड येतो. फ्रान्सिस बेकन याने १६२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘नोव्हम ऑर्गानम’ या ग्रंथात अंधारात खरवडलेल्या साखरेच्या चमकण्याची नोंद आहे, आणि रॉबर्ट बॉइल याने १६६३ साली घासल्यावर चकाकणाऱ्या एका हिऱ्याचे तपशीलवार निरीक्षण केले. ही घटना सतराव्या शतकापासून लेखी नोंदीत असूनही तिचे समाधानकारक स्पष्टीकरण विसाव्या शतकापर्यंत देता आले नाही. स्फटिक म्हणजे निर्दोष मांडणी, असे गृहीत धरून विचार केला तर हा प्रकाश समजूच शकत नाही, हे त्या विलंबाचे एक कारण होय.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एका वाक्यात मांडता येते: प्रतिबलाने निर्माण होणारा प्रकाश स्फटिकाच्या परिपूर्णतेतून येत नसून त्याच्या दोषांतून येतो, कारण विखुरलेली यांत्रिक ऊर्जा एका बिंदूपाशी एकवटणे आणि आधी साठवलेली ऊर्जा योग्य वेळी मोकळी करणे ही दोन्ही कामे दोषांच्या ठिकाणीच होऊ शकतात. प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर कार्य करणारे आंतरिक बल, आणि त्यामुळे आकारात होणारा सापेक्ष बदल म्हणजे विकृती. या दोन संज्ञा पुढील विवेचनात याच अर्थाने वापरल्या आहेत.

ऊर्जेचा हिशेब

या घटनेतील खरी अडचण कोठे आहे, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. हिरव्या प्रकाशाचा, म्हणजे सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा, एक प्रकाशकण सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्ट विभवांतर ओलांडताना मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता एखाद्या कठीण स्फटिकावर १० मेगापास्कल, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे शंभर किलोग्रॅम वजनाइतके, प्रतिबल दिले आणि त्याचा स्थितिस्थापकता गुणांक १०० गिगापास्कल धरला, तर त्याच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ५०० जूल ऊर्जा साठते. त्याच घनमीटरमध्ये अणूंची संख्या मात्र एकावर २९ शून्ये इतकी असते, आणि त्यामुळे दर अणूच्या वाट्याला इलेक्ट्रॉन व्होल्टचा जेमतेम तीन कोटीवा भाग येतो. एका प्रकाशकणासाठी याच्या सुमारे पावणेआठ कोटी पट ऊर्जा एकाच ठिकाणी लागते. खोलीच्या तापमानाला अणूंची जी नैसर्गिक थरथर चालू असते तिची ऊर्जादेखील इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकी, म्हणजे या यांत्रिक वाट्याच्या लाखो पट मोठी असते.

ऊर्जा सर्व अणूंमध्ये समान वाटली गेली, तर प्रकाश उमटणे अशक्य आहे, हा या हिशेबाचा निष्कर्ष. प्रकाश तर प्रत्यक्ष दिसतो. तेव्हा एकतर ऊर्जा कोठेतरी प्रचंड प्रमाणात एकवटत असली पाहिजे, किंवा ती आधीच कोठेतरी साठलेली असून प्रतिबल केवळ तिची वाट मोकळी करीत असले पाहिजे. निसर्गात या दोन्ही गोष्टी घडतात, आणि त्या कोठे घडतात हे पाहण्यासाठी प्रथम स्फटिकदोषांचे स्वरूप समजून घ्यावे लागते.

दोषांचे प्रकार

स्फटिकात अणू ठरावीक अंतरांवर, त्रिमितीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतिबंधात बसलेले असतात. या मांडणीस जालक म्हणतात. जालकातील एखादी जागा रिकामी राहिली तर ती रिक्ती, जागांच्या मधल्या पोकळीत अणू अडकला तर तो आंतरस्थानी अणू, आणि मूळ अणूच्या जागी परका अणू बसला तर ते अपद्रव्य, असे बिंदुदोषांचे तीन मुख्य प्रकार होत. या दोषांचा संबंध केवळ स्फटिक घडवण्यातील हयगयीशी नाही. केवल शून्याच्या वरच्या कोणत्याही तापमानाला काही जागा रिकाम्या असणे ही ऊष्मागतिकीची अटळ मागणी आहे, आणि तांब्यासारख्या धातूत वितळण्याच्या तापमानाजवळ सुमारे दहा हजार जागांमागे एक जागा रिकामी असते. म्हणून निर्दोष स्फटिक ही एक उपयुक्त कल्पना आहे. प्रत्यक्ष वस्तू म्हणून ती अस्तित्वात नाही.

बिंदुदोषांखेरीज रेषेच्या स्वरूपाचाही एक दोष असतो. याकोव्ह फ्रेंकेल याने १९२६ साली स्फटिकाचे एक प्रतल दुसऱ्यावरून सरकवण्यास किती प्रतिबल लागावे याचे गणित मांडले, तेव्हा प्रत्यक्षातील धातू त्या अपेक्षेच्या शेकडो, किंबहुना हजारो पट कमी प्रतिबलाला वाकतात असे दिसून आले. १९३४ साली जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे या विसंगतीचे उत्तर दिले. कापडाच्या विणीत एखादा उभा धागा मध्येच संपावा, तसे अणूंचे एखादे प्रतल स्फटिकाच्या आत मध्येच संपलेले असते, आणि त्याच्या कडेची रेषा हाच स्थानभ्रंश नावाचा दोष होय. संपूर्ण प्रतल एकाच वेळी सरकवण्याऐवजी ही रेषा एकेक पाऊल पुढे सरकते, म्हणून अल्प बलानेही स्फटिकाचा आकार कायमचा बदलतो. स्थानभ्रंशाच्या भोवती जालक ताणलेले आणि दबलेले असते, आणि हा ताण रेषेबरोबर प्रवास करतो. यांत्रिक दीप्तीच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक आहे.

दोषांचा प्रकाशाशी संबंध इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमुळे येतो. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना दोन रुंद ऊर्जापट्टे उपलब्ध असतात: खालचा, बहुतेक भरलेला संयुजा पट्टा, आणि वरचा, बहुतेक रिकामा संवहन पट्टा. विद्युत् निरोधकांत या दोहोंमध्ये मोठे निषिद्ध अंतर असते, आणि शुद्ध मिठासारख्या पदार्थात ते आठ इलेक्ट्रॉन व्होल्टांहून अधिक असल्यामुळे दृश्य प्रकाशाच्या दृष्टीने असा स्फटिक केवळ पारदर्शक ठरतो. तो दृश्य प्रकाश शोषत नाही, म्हणून तो सोडूही शकत नाही. दोष मात्र या निषिद्ध अंतरात नव्या, एकाच ठिकाणी बांधलेल्या पातळ्या निर्माण करतात. त्यांपैकी काही पातळ्या इलेक्ट्रॉनाला दीर्घकाळ अडकवून ठेवतात, आणि त्यांना सापळे म्हणतात. काही पातळ्यांवरून इलेक्ट्रॉन खाली येताना प्रकाश सोडतो, आणि अशा केंद्रांना दीप्तिकेंद्रे म्हणतात. साठवण आणि उत्सर्जन ही दोन्ही कामे अशा रीतीने दोषांकडेच जातात.

भंगातून होणारी दीप्ती

पहिला मार्ग ऊर्जा एकवटण्याचा आहे, आणि साखरेची चमक हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. स्फटिकात भेग, म्हणजे स्वतःच एक मोठा दोष, पुढे सरकते तेव्हा दूरवर पसरलेली विकृती-ऊर्जा भेगेच्या अणुमात्र टोकाशी गोळा होते. साखरेच्या स्फटिकास सममितिकेंद्र नसते, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना मांडणी हुबेहूब उलट होऊन येईल असा बिंदू त्यात नसतो. अशा स्फटिकांवर प्रतिबल दिले की त्यांच्या विरुद्ध पृष्ठांवर विद्युत् प्रभार प्रकटतात. पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधलेल्या या गुणधर्मास दाबविद्युत् म्हणतात. भेगेच्या दोन बाजूंवर विरुद्ध प्रभार आले, की त्यांच्यामधल्या अतिशय अरुंद फटीत तीव्र विद्युत् क्षेत्र निर्माण होते आणि तेथील हवेत सूक्ष्म वीज चमकते. साखरेच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला असता तो बहुतांशी हवेतील नायट्रोजनाचा, म्हणजे आकाशातील विजेसारखाच, आढळतो; त्याचा मोठा भाग जंबुपार असल्याने डोळ्यांना दिसणारी चमक फिकी असते.

या स्पष्टीकरणाला एक महत्त्वाची पुरवणी आहे. सममितिकेंद्र असलेले काही स्फटिकही फोडल्यावर चमकतात, आणि दाबविद्युत् नसताना त्यांच्यावर प्रभार कोठून येतो, हा प्रश्न उरतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिंडा स्वीटिंग यांच्या अभ्यासाने अशा उदाहरणांत अपद्रव्ये आणि मांडणीतील अव्यवस्था यांच्याकडे लक्ष वेधले. जेथे परका अणू किंवा रेणू बसतो तेथे सममिती स्थानिकरीत्या मोडते, आणि एकूण स्फटिकाला नाकारलेला गुण त्या लहानशा भागाला प्राप्त होतो. गारगोटीच्या बाबतीत प्रकाशाची कारणे आणखी गुंतागुंतीची आहेत. भंग पावलेल्या पृष्ठावर सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील तुटलेले बंध स्वतःच नवी दोषकेंद्रे बनतात आणि त्यांतून प्रकाश येतो, तर घासल्या जाणाऱ्या सूक्ष्म टोकांवरील प्रखर उष्णतेचाही त्या पिवळसर उजेडात वाटा असतो.

विखुरलेले यांत्रिक कार्य किती एकवटू शकते, याचे टोकाचे उदाहरण २००८ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेथ पुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. साधी चिकटपट्टी निर्वातात उलगडली असता दृश्य प्रकाशच काय, क्ष-किरणही बाहेर पडतात, आणि ते बोटाच्या हाडांची प्रतिमा घेण्याइतके तीव्र असतात. चिकटपट्टी स्फटिक नव्हे, तरीही प्रभार विलग झाले की अल्प यांत्रिक ऊर्जेतून प्रचंड ऊर्जेचे कण मिळू शकतात, हे तत्त्व त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

साठवलेल्या ऊर्जेची मुक्तता

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे, आणि दोषांचे महत्त्व त्यातच पूर्णपणे उघड होते. पोटॅशियम क्लोराइडासारख्या क्षाराच्या शुद्ध, रंगहीन स्फटिकावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले की तो जांभळा होतो, आणि नेहमीचे मीठ त्याच रीतीने पिवळट तपकिरी होते. किरणांच्या ऊर्जेने क्लोराइड आयन आपल्या जागेवरून निघून जातो आणि त्या रिक्तीत एक इलेक्ट्रॉन अडकतो. या जोडीस रंगकेंद्र म्हणतात. जर्मनीतील गटिंगेन येथे रॉबर्ट पोल याच्या प्रयोगशाळेत १९२० नंतर या केंद्रांचा पद्धतशीर अभ्यास झाला, आणि घन-अवस्था भौतिकीचा एक पाया त्यातून घातला गेला.

असा किरणित स्फटिक हळूहळू दाबला, तर तो फुटण्याच्या कितीतरी आधी, त्याचा आकार कायमचा बदलू लागताच, त्यातून क्षीण प्रकाश येऊ लागतो. किरणित न केलेला तसाच स्फटिक दाबला तर हा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, आणि किरणित स्फटिक तापवून त्याचा रंग घालवला तरीही तो नाहीसा होतो. प्रकाशासाठी केवळ दाब पुरेसा नसून रंगकेंद्रे आवश्यक आहेत, हे यावरून ठरते. दाबामुळे स्थानभ्रंश हलू लागतात, त्यांच्या बरोबरचा ताण रंगकेंद्रापाशी पोहोचला की अडकलेल्या इलेक्ट्रॉनाची सुटका सोपी होते, तो स्थानभ्रंशाच्या पातळीत शिरून त्याच्यासोबत प्रवास करतो, आणि वाटेत इलेक्ट्रॉनाची उणीव असलेले केंद्र भेटले की तेथे सामावून जाताना प्रकाशकण सोडतो. जबलपूर आणि रायपूर येथून काम केलेले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बी. पी. चंद्र यांनी ही प्रक्रिया गणिताच्या चौकटीत बसवण्यासाठी दीर्घकाळ संशोधन केले, आणि या विषयाच्या जागतिक साहित्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मध्य भारतातील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून असे मूलगामी काम उभे राहिले, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

स्फटिक न फुटता आणि त्याचा आकारही कायमचा न बदलता, केवळ स्थितिस्थापक मर्यादेत दाबून प्रकाश मिळवता येतो, हे प्रभावीपणे दाखवण्याचे श्रेय जपानच्या क्यूशू येथील चाओ-नान शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. १९९९ साली त्यांनी मँगनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडाच्या पातळ थरातून, तसेच युरोपियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटातून, प्रतिबलाबरोबर वाढणारा प्रकाश मिळवला. यांपैकी दुसरा पदार्थ दोषांच्या कामगिरीचा आदर्श नमुना आहे. त्याच्या जालकात स्ट्रॉन्शियमच्या काही थोड्या जागी युरोपियमचे आयन बसवलेले असतात. त्यांच्यावर जंबुपार किंवा निळा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि ऑक्सिजनाच्या रिक्तीसारख्या दोषांनी तयार केलेल्या सापळ्यांत अडकतो. डिस्प्रोसियमसारखे दुसरे अपद्रव्य जोडीला दिले तर हे सापळे अधिक खोल होतात. अंधारात तासन् तास चमकणारी घड्याळांच्या तबकड्या आणि बाहेर पडण्याच्या मार्गाच्या पाट्या याच पदार्थाच्या बनतात, कारण खोलीची उष्णता सापळ्यांतील इलेक्ट्रॉन सावकाश सोडवत राहते.

या स्फटिकाला सममितिकेंद्र नसल्यामुळे तो दाबला की त्यात दाबविद्युत् क्षेत्र निर्माण होते, आणि दोषांच्या निकट, जेथे मांडणी आधीच वेडीवाकडी असते, तेथे हे क्षेत्र एकूण स्फटिकाच्या मानाने अधिक तीव्र असू शकते. त्यामुळे सापळ्याची एक बाजू खाली झुकते, इलेक्ट्रॉन निसटतो, युरोपियमपाशी परततो, आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश उमटतो. तोच नमुना अंधारात पुन्हा पुन्हा दाबत गेले तर प्रकाश उतरत जातो, आणि जंबुपार किरणांत काही काळ ठेवला की तो पूर्ववत होतो. प्रारंभी मांडलेल्या हिशेबाचे उत्तर या एका निरीक्षणात मिळते. २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टांची ऊर्जा दाबाने दिलेली नसते. ती आधी पडलेल्या प्रकाशाने दिलेली आणि दोषाने जपून ठेवलेली असते, आणि दाब तिला फक्त सुटण्याचा क्षण नेमून देतो.

झिंक सल्फाइडाचे वर्तन याहून वेगळे आहे, आणि ते प्रामाणिकपणे वेगळेच नोंदवले पाहिजे. तांबे मिसळलेले झिंक सल्फाइड सिलिकोनच्या लवचीक रबरात घालून ताणले असता हजारो वेळा, मध्ये प्रकाश न देताही, ते चमकत राहते. दक्षिण कोरियातील सून मून जोंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली केवळ वाऱ्याने फडफडणाऱ्या अशा पट्ट्यांतून पांढरा प्रकाश मिळवला. येथे साठवण संपत नाही, याचा अर्थ ऊर्जा यांत्रिक कार्यातूनच येत असली पाहिजे. स्फटिकातील दाबविद्युत् क्षेत्र तिला कारण आहे, की स्फटिककण आणि रबर यांच्या घर्षणाने होणारे प्रभारांचे विलगीकरण, यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत. प्रकाशाचा रंग मात्र दोन्ही मतांनुसार दोषच ठरवतो: मँगनीज असेल तर नारिंगी, तांबे असेल तर हिरवा.

उष्णता आणि दाब यांचे नाते

सापळ्यांचे हेच भौतिकशास्त्र मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कामातून भारतातील असंख्य कर्मचाऱ्यांच्या छातीपर्यंत पोहोचले आहे. किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात काम करणारे तंत्रज्ञ जो मापक बिल्ला लावतात, त्यात डिस्प्रोसियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट असते. किरण पडले की त्याच्या सापळ्यांत इलेक्ट्रॉन अडकतात, ठरावीक काळाने बिल्ला तापवला की ते प्रकाश देत सुटतात, आणि त्या प्रकाशावरून व्यक्तीला मिळालेली मात्रा मोजली जाते. उष्णतेच्या जागी दाब ठेवला की यांत्रिक दीप्तीच समोर उभी राहते. एक शाखा माणसांचे आरोग्य राखण्याच्या नित्य कामात स्थिरावली आहे, आणि दुसरी त्या वाटेवर आहे.

यांत्रिक दीप्तीचा पहिला उपयोग प्रतिबल डोळ्यांना दिसू शकेल असे करण्याचा आहे. पूल, नळ किंवा उच्च दाबाची टाकी यांच्या पृष्ठावर स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटाचा लेप दिला, तर सूक्ष्म भेगेच्या टोकाशी एकवटलेले प्रतिबल कॅमेऱ्यात प्रकाशरेषेच्या रूपाने टिपता येते, आणि डोळ्यांना भेग दिसण्याआधी धोक्याची जागा कळते. झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१५ साली झिंक सल्फाइडाच्या थरावर लिहिताना लेखणीचा दाब क्षणोक्षणी कसा बदलतो याचे चित्र मिळवले, तर २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदराच्या रक्तात सोडलेल्या अशा सूक्ष्म कणांतून श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने निळा प्रकाश निर्माण करून मेंदूतील प्रकाशसंवेदी केलेल्या पेशींना चेतना दिली. अडचणीही खऱ्या आहेत. हा प्रकाश दिवसाच्या उजेडात हरवतो, स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट ओलाव्याने बिघडते, आणि प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रतिबलाचा निश्चित आकडा काढण्यासाठी नमुना आधी किती वेळ उजेडात होता आणि किती वेळा दाबला गेला, हे ठाऊक असावे लागते.

या सर्व विवेचनातून पदार्थविज्ञानाच्या दिशेविषयी एक निर्णय करता येतो. एकेकाळी शुद्धता हे मुख्य ध्येय होते, आणि ते योग्यही होते, कारण शुद्ध पदार्थ हाती आल्याशिवाय अपद्रव्याचा परिणाम ओळखता येत नाही. आज मात्र कोणता दोष, किती प्रमाणात, किती खोल आणि कोणाच्या शेजारी बसवायचा, हेच शास्त्राचे मुख्य कौशल्य झाले आहे. धातूची तन्यता, अर्धसंवाहकाची वाहकता, माणकाचा रंग आणि दाबलेल्या स्फटिकाचा प्रकाश या सर्वांचा कर्ता दोषच आहे.

महाराष्ट्रातील भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत स्फटिकाच्या आदर्श रचनेवर पुष्कळ वेळ खर्च होतो आणि दोषांचे प्रकरण सत्राच्या शेवटी घाईने आटोपले जाते. हा क्रम बदलला पाहिजे. त्यासाठी खर्चिक साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही. पूर्ण अंधारी खोली, खडीसाखर, गारगोट्या, अंधारात चमकणारी थोडी भुकटी आणि लांब वेळाचे छायाचित्र घेणारा कॅमेरा एवढे साहित्य कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात मिळू शकते, आणि तेवढ्यावर दोन्ही मार्गांची दीप्ती विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. शिक्षकांनी हा प्रयोग या वर्षीच करून दाखवावा, आणि विद्यार्थ्यांनी दिसलेल्या प्रत्येक चमकेला तिची ऊर्जा कोठून आली हा प्रश्न विचारावा, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे.